बाहेरून कडी

एप्रिल लागला की नागपुरातल्या बायकांना तोंड उरत नाही. डोळ्यांवर गॉगल, त्याखाली दुपट्टा, आणि दुपट्ट्याखाली कोण आहे ते गाडीच्या नंबरवरून ओळखायचं. चौकात सासू सुनेला ओळखत नाही, सून सासूला ओळखूनही ओळखत नाही, आणि दोघींनाही उन्हाची सबब पुरते.

ही गोष्ट ज्या शाळेची आहे ती धरमपेठेच्या अंगाला. मागच्या उन्हाळ्यात तिथं आठवीतला एक मुलगा फाटकाबाहेर चक्कर येऊन पडला. पालकांनी आरडाओरडा केला आणि शाळेनं लगोलग 'विद्यार्थी आरोग्य व सुरक्षा समिती' काढली. समितीत नावं बरीच होती, पण काम करणारी एकच, विज्ञान शिकवणाऱ्या चारुलता मॅडम. बाकीचे सही करण्यापुरते समितीत होते आणि सहीलाही बोलावून आणावे लागत.

मॅडमनी नियम केले, आणि ते जिन्याशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहून घेतले. दुपट्टा किंवा टोपी नसेल तर फाटकाबाहेर पाऊल नाही. शाळा सुटली की मेन स्विच बंद, कारण पूर्वी एकदा ऑफिसात वायर जळाली होती. सुट्टीनंतर गच्चीवर कोणी जाऊ नये म्हणून जिन्याच्या पायथ्याशी जाळीचं दार आणि त्याला कुलूप. खोल्यांच्या दारांना आतली कडी ठेवायची नाही, कारण नववीतल्या एका पोरानं कमी मार्क पडले म्हणून प्रयोगशाळेत स्वतःला कोंडून घेतलं होतं आणि त्याला बाहेर काढताना दार आणि हेडसर दोघंही खिळखिळे झाले होते. व्हॅननं जाणारी मुलं मोजूनच गाडीत बसवायची. कोणी आजारी पडलं तर त्याला आरोग्य कक्षात झोपवून पालकांना फोन करायचा.

एकेक नियम वेगळा घेऊन पाहा, कशातही खोट निघणार नाही. नियम एकटा असला की शहाण्यासारखा वागतो. दोन-चार एका जागी भेटले की काय करून बसतील, ते त्यांना जन्म देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आरोग्य कक्षावर मॅडमचा विशेष जीव. दुसऱ्या मजल्याच्या टोकाला, स्लॅबखाली, जुनी नकाशांची खोली रिकामी करून तिथं एक खाट टाकली होती. खिडकीच्या काचांना पांढरा रंग दिला होता, मुलींच्या सोयीसाठी. खाटेवरची चादर इतकी पांढरी होती की तपासणीला आलेल्या साहेबांनी बोट लावून पाहिलं. तेव्हापासून ती चादर मळू नये म्हणून खोली बंदच असायची. ज्याला खरंच झोपायची गरज असे तो खाली बाकावर डोकं टेकायचा.

नववीतल्या दीक्षासाठी मात्र मॅडमनी ती खोली उघडली. त्यांच्या जमेच्या बाजूला हे मांडलंच पाहिजे.

दीक्षा इंदोऱ्याहून यायची. वडील धम्मानंद ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस परराज्यात. आई जया शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात. पोरीला वस्तीतली शाळा सोडवून इतक्या दूर घातलं, हा त्या घरातला सगळ्यांत मोठा खर्च आणि सगळ्यांत मोठी ऐट. पण त्या ऐटीखाली एक गोष्ट दडपून ठेवलेली होती. दीक्षाला सिकल होता. विदर्भात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, पाणी कमी पडलं किंवा ऊन लागलं की नसांत अडकून बसतात, आणि मग हाडाहाडांतून कळा उठतात. अशा वेळी पाणी, सावली आणि लवकर दवाखाना, एवढंच.

जयानं हे शाळेला सांगितलं नव्हतं. वस्तीतल्या कुसुमताईंच्या मुलीचं तिनं पाहिलं होतं. शाळेला कळलं तशी ती पोरगी खेळातून गेली, सहलीतून गेली, आणि शेवटी 'आम्हांला जबाबदारी नको' म्हणून शाळेतूनच गेली. म्हणून जयानं मॅडमना सांगितलं होतं, "तिले मुतखड्याचा त्रास आहे, पाणी पिऊ देत जा." मुतखडा हा आमच्याकडे घरंदाज आजार आहे. तो मोठमोठ्या लोकांना होतो आणि लग्नात आडवा येत नाही.

त्या दिवशी दुसऱ्या तासाला दीक्षाची मांडी दुखायला लागली. मॅडमनी तिला वर नेलं, चादरीवर झोपवलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं, पंखा मोठा केला. आईला फोन लावला. जयाचा मोबाईल तेव्हा कारखान्याच्या कपाटात होता. मशीनवर बसताना बायकांनी मोबाईल जवळ ठेवायचा नाही, हा तिथला सुरक्षेचा नियम. फोन वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावू म्हणून मॅडम खाली आल्या तर हेडसर ऑफिसच्या दारातच उभे.

"मॅडम, उन्हाचा इशारा आलाय. शाळा आत्ताच सोडायची. आणि आपल्याला कार्यशाळेला निघायचंय, लक्षात आहे ना? तुमचं भाषण पहिलंच आहे."

कार्यशाळा सिव्हिल लाइन्सच्या एका सभागृहात होती. विषय, विद्यार्थ्यांची सुरक्षा.

घंटा झाली. दीक्षाची वर्गमैत्रीण काजल तिचं दप्तर घेऊन धापा टाकत वर आली.

"कसं वाटते वं?"

"दुखून राहिलं. थोडं झोपते."

"झोप. मॅडम म्हणे तुझ्या मम्मीले फोन केला. येऊनच राहिली असंल." काजल खाटेच्या कडेवर टेकली. "पाह्य ना, माझे बाबा कन्हानले कामावर अडकले. मले म्हणे दीक्षाच्या व्हॅननं ये. अन् मी दुपट्टाच आणला नाही. मॅडम फाटकातून सोडणार नाही मले."

"माझा ने. मम्मीच्या पिशवीत एक राहतेच."

दुपट्टा गडद निळा, पांढऱ्या लेसची किनार. जयानं स्वतः शिवलेला. शाळेत तसा दुसरा नव्हता. काजलनं तो डोक्यावरून घेतला, दोन वेढे दिले, मागे गाठ मारली, आणि डोळे सोडून ती पुरी नाहीशी झाली.

"तुझी जागा रिकामीच आहे म्हणा व्हॅनमध्ये," ती आतून म्हणाली.

दार गरम वाऱ्यानं आपटत होतं. आतून लावायला कडी नव्हती. काजलनं बाहेर येऊन दार ओढलं आणि, मैत्रिणीची झोप मोडू नये म्हणून, बाहेरून कडी लावली.

फाटकात चारुलता मॅडम एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पर्स घेऊन उभ्या होत्या. पोरांच्या टोप्या, पोरींचे दुपट्टे, सगळं पाहत होत्या. धोंडबाची व्हॅन लागली होती. धोंडबाच्या गाडीत नियमानं बसायला हवीत त्याच्या दुप्पट पोट्टी बसत, पण मोजणी मात्र तो नियमानं करी.

"चौदा, मॅडम. पूर्ण," तो ओरडला.

मॅडमनी काचेतून पाहिलं. मागच्या सीटवर, खिडकीशी, निळा दुपट्टा, पांढरी लेस. त्यांचा जीव भांड्यात पडला. बरी झाली वाटतं पोरगी. बरं झालं, आता पुन्हा फोन करायला नको. त्यांनी छत्री मिटली, स्वतःचा दुपट्टा तोंडाला बांधला आणि स्कूटीला किक मारली.

चौकीदार शालिकराम कुलपं लावायला वर गेला. आरोग्य कक्षाला बाहेरून कडी होती. आत माणूस असताना कोणी बाहेरून कडी लावतं का? तो परत फिरला. जिन्याच्या जाळीला कुलूप घातलं, किल्ल्या हेडसरांच्या गाडीत दिल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

वर दीक्षाच्या डोक्यावरचा पंखा फिरायचा थांबला.

*

इंदोऱ्याचा थांबा धोंडबाचा शेवटचा. जया रसवंतीच्या सावलीत उभी होती. उन्हाच्या इशाऱ्यानं कारखानाही लवकर सुटला होता; निघताना तिनं मोबाईलवर शाळा सुटल्याचा मेसेज आणि मॅडमचा फोन येऊन गेलेला पाहिला होता, उलटा लावला तर कोणी उचलत नव्हतं. पण व्हॅनची वेळ झालीच होती. पोरगी आली की तीच सांगेल, असं म्हणून ती थांबली.

व्हॅनमधून निळा दुपट्टा उतरला. जया पुढे झाली, बाटली त्याच्या हातात दिली.

"घे, आधी पाणी पी. मॅडमचा फोन कायले आला होता? दुखलं का? मी सकाळीच म्हणलं होतं, बाटली भरून घे म्हणून. ऐकतच नाही तू. दे ते दप्तर."

तिनं पाठीवरच्या दप्तराला हात घातला. पट्टा हिरवा होता. दीक्षाच्या दप्तराचा पट्टा काळा.

दुपट्टा पाणी प्यायला खाली सरकला आणि काजलचं तोंड बाहेर आलं.

"काकू," काजल म्हणाली, "दीक्षा झोपली का घरी? मी दुपट्टा वापस द्यायले आली."

जयाला आधी काहीच समजलं नाही. ती दुपट्ट्याकडे पाहत राहिली. आत्ताच ती त्याच्याशी बोलली होती, त्याला रागावली होती, त्याला पाणी दिलं होतं.

"दीक्षा कुठी आहे?"

"घरी. तुमी नेलं ना तिले? मॅडमनं फोन केला होता तुमाले."

"मी आत्ता येऊन राहिली कारखान्यातून."

काजलच्या हातातली बाटली तिरपी झाली, पाणी चपलेवर सांडलं.

"मंग ती वरच आहे, काकू. आरोग्याच्या खोलीत."

"उठून खाली आली असंल. मॅडमसंगं असंल."

काजल रडायला लागली. "नाही येणार, काकू. दार आपटून राहिलं होतं. मीच कडी लावली. बाहेरून."

धोंडबा गाडीखाली उतरला. "असं कसं होईल, ताई? चौदा नेली, चौदा आणली. एक जरी कमी पडतं तर मी फाटकातून हाललो असतो का?" तो बोटं दुमडत सगळ्यांची नावं घेऊ लागला. सगळी नावं बरोबर येत होती, फक्त दीक्षाच्या नावाला बोट दुमडायची वेळ आली तेव्हा समोर काजल उभी होती. त्यानं बोट तसंच धरून ठेवलं. "ही रोजची नव्हे," तो म्हणाला. "ही तर जितेंद्रभाऊची पोरगी, बापासंगं जाते रोज."

जया व्हॅनमध्ये चढून बसली होती.

*

गाडी पळत होती, पण नागपूर पळू देत नव्हतं. दुपारच्या उन्हात इथं सिग्नलला कोणी पांढऱ्या पट्ट्यावर थांबत नाही. मागे जिथं झाडाची सावली असेल तिथं सगळे गाड्या दाटीवाटीनं लावून उभे राहतात, आणि पट्ट्यापर्यंत रस्ता रिकामा. व्हॅन त्या सावलीतल्या गर्दीत अडकली. धोंडबा हॉर्नवर हात ठेवून बसला.

"हलवा ना बे, पोट्टी मरून राहिली तिकडे!"

एका स्कूटीवरची बाई वळली. तोंड बांधलेलं, गॉगल. तिला ऐकू आलं की नाही, राग आला की दया, काहीच कळायला मार्ग नव्हता.

जया मॅडमचा नंबर लावत होती. रिंग जात होती. सभागृहात शंभरभर मोबाईल आवाज बंद करून पर्समध्ये ठेवले होते, कारण पाहुणे बोलत होते. तिनं काजलच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं केलं. मागं छापलं होतं, आपत्कालीन संपर्क. तो नंबर लावला. तो शाळेच्या ऑफिसचा होता.

रिंग गेली. जात राहिली. जयाला बरं वाटलं, निदान वाजतोय तरी. बंद झाली तशी तिनं पुन्हा लावली.

बंद ऑफिसात फोन वाजत होता आणि दोन मजले वर दीक्षाला तो ऐकू येत होता.

पंखा थांबला तशीच तिला जाग आली होती. आधी वाटलं लाइट गेली, येईल. मग कळलं की खाली आवाज नाहीत. ती हाक मारत दारापर्यंत गेली, दार ओढलं, ते बोटभर हललं आणि कडीला अडलं. खिडकीच्या पांढऱ्या काचांतून नुसता उजेड येत होता, माणूस दिसत नव्हता. बाटलीतलं पाणी तिनं पुरवून पुरवून प्यायलं, तरी संपलं. मांडीतली कळ कमरेत गेली, मग पाठीत, आणि मग कुठं नाही ते शोधावं लागलं. रिकाम्या स्टीलच्या बाटलीनं ती दारावर ठोकत राहिली. हात उचलेनासा झाला तेव्हा फरशीवरच आडवी झाली, फरशी त्यातल्या त्यात गार होती. आणि तेवढ्यात खाली फोन वाजू लागला. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. इतक्या हट्टानं फोन करणारं माणूस तिच्या ओळखीचं एकच होतं.

*

शालिकराम फाटकाशी कडुलिंबाखाली बसला होता, डोक्यावर ओला गमछा. व्हॅन करकचून थांबली तसा उठला.

"बंद आहे शाळा. उद्या सकाळी या."

"माही पोरगी आत आहे," जया म्हणाली. "वरच्या खोलीत. फाटक उघडा."

"कोणी नाही आत, बाई. मी सोता फिरून आलो. सगळी गेली. मॅडमसमोर मोजणी झाली."

"मोजणी चुकली, गा!" धोंडबा ओरडला. "मीच केली, मीच सांगून राहिलो ना!"

"असं कसं चुकंल? चौदा म्हणले ना तुमी?" शालिकरामनं गमछा पिळला. "अन् सुट्टीनंतर बाहेरच्याले आत सोडाचं नाही, असा नियम आहे. मागं पाण्याची मोटार चोरीले गेली तर माह्याच पगाराले कात्री लागली. हेडसरचं पत्र आणा, नाही तर फोन लावून द्या."

"लावा तुमीच फोन!"

त्यानं लावला. हेडसर त्या वेळी व्यासपीठावर होते. रिंग जात राहिली.

जयाच्या हातातला मोबाईल अजून ऑफिसचाच नंबर लावत होता. फाटकाच्या आतून, दाराआडून, तो वाजताना आता सगळ्यांना ऐकू येत होता. शालिकरामनं मान वळवून इमारतीकडे पाहिलं.

"कायले तो फोन वाजवून राहिले, बाई? तिथं उचलाले कोणी नाही."

"वर आहे ना!" जयानं फाटकाचे गज धरले. ते तापलेले होते, तिनं सोडले नाहीत. "दीक्षे! दीक्षा!"

वरच्या पांढऱ्या खिडकीतून काही आलं नाही.

"झोपली असंल तर उठंल," शालिकराम चाचरत म्हणाला. "घाबरू नका. सर फोन करतीनच. अर्धा तास काय..."

"तिले सिकल आहे!"

रस्त्यापलीकडच्या दुकानदारानंही वर पाहिलं. इतकी वर्षं जयानं हा शब्द शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून, नातेवाइकांपासून, शाळेच्या प्रत्येक बाईपासून आणि सरांपासून सांभाळून ठेवला होता. आता तो भर रस्त्यात, शाळेच्या फाटकावर, मोठ्यानं पडला होता. काजलनं तोंडावर हात धरला.

"सिकल आहे भाऊ तिले," जया हळू आवाजात म्हणाली. "पाणी नाही मिळालं तर मरंल ती. अर्धा तास नाही तिच्यापाशी."

शालिकरामनं कमरेची फाटकाची किल्ली काढली.

"नरखेडले माह्या साळ्याचं पोरगं याच्यातच गेलं," तो कुलूप काढता काढता म्हणाला, "अन् मी इथं बसून पत्र मागून राहिलो."

फाटक उघडलं, पण जिन्याच्या जाळीची किल्ली हेडसरांच्या गाडीत, गाडी सिव्हिल लाइन्सला. धोंडबानं कुलूप हातानं ओढून पाहिलं, लाथ मारून पाहिली. आजूबाजूला दगडही नव्हता; शाळेच्या आवारात मोकळे दगड ठेवायचे नाहीत, हाही नियम भिंतीवर होता. त्या नियमांच्या शेजारीच भिंतीला आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं. तपासणीसाठी आणून लावल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. धोंडबानं ते खाली ओढलं, दोन्ही हातांनी उचललं आणि कुलपावर घातलं. पुन्हा घातलं. नळकांड्यात काही असतं तर फवारा उडाला असता. काही उडालं नाही. कोयंडा मात्र वाकला, आणि मग तुटला.

जया सगळ्यांच्या आधी वर पोचली. तिनं कडी काढली, दार ढकललं, तर दार उघडेना. आतून काहीतरी आडवं होतं.

"दीक्षा?"

आतून स्टीलच्या बाटलीचा आवाज आला. एकदाच, आणि फार हळू.

"सरक वं माय," जया दाराच्या फटीशी बसून म्हणाली. "थोडीशी सरक. मी आली. दार उघडाचं आहे फक्त. सरक."

बोटभर फट झाली, मग हातभर. जया आडवी होऊन आत शिरली.

खाटेवरची चादर एका बाजूला चुरगळली होती, बाकी तशीच पांढरी होती. पोरगी दाराशी मुडपून पडली होती, ओठ फुटलेले, डोळे पिवळट. आईला पाहून ती रडली नाही. रडायला पाणी लागतं. जयानं बाटलीचं तोंड तिच्या ओठाला लावलं आणि हळूहळू, घोट घोट पाजत राहिली, आणि काजल दारात उभी राहून मोठमोठ्यानं रडत राहिली, जणू दोघींच्या वाटचं तिलाच रडायचं होतं.

*

सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं, नाकाला नळी लागली. तरुण डॉक्टरीण आली, तिनं कागद पाहिले, दीक्षाच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"रक्त फार कमी झालंय. चढवावं लागेल. दुखणं दोन-तीन दिवस राहील. आणखी उशीर झाला असता तर..." आणि पुढचं वाक्य तिनं दुसऱ्या पेशंटकडे जाताना आपल्याजवळच ठेवलं.

धोंडबा बाहेर बाकावर बसला होता. काजलला घरी पोचवून तो परत आला होता, आणि कोणी विचारलं नसताना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "गाडीतल्या सीटा मोजल्या मी. पोट्टी नाही मोजली."

संध्याकाळी एक बाई धावत वॉर्डात आली. तोंड दुपट्ट्यात, गॉगल, हातात कार्यशाळेतली प्लास्टिकची फाइल. जया तिला सरळ म्हणाली, "चुकलं तुमचं, बाई. हा बायकांचा वॉर्ड नाही, पोरांचा आहे."

बाईनं गाठ सोडली. चारुलता मॅडम होत्या.

"जयाताई, मी..." त्या खाटेपाशी आल्या, दीक्षाच्या पायाला हात लावला, मागं घेतला. "मी तिचा दुपट्टा पाहिला हो. माझ्या डोळ्यांनी. व्हॅनमध्ये. मला वाटलं गेली."

जयाला खूप बोलायचं होतं. रस्ताभर ती बोलायचं जुळवत आली होती. पण तोंड उघडलं तर तिला रसवंतीसमोरची सावली आठवली, हातातली बाटली आठवली.

"मीबी पाहिला," ती म्हणाली. "त्याच्याशी बोलली मी. रागावली त्याले."

मॅडम खुर्चीवर बसल्या. खालच्या आवाजात, पण आवाजात शाळा होतीच, म्हणाल्या, "तुम्ही मला सांगायला हवं होतं. मुतखडा म्हणालात. मला माहीत असतं तर मी तिला क्षणभर एकटी सोडली नसती."

"सांगितलं असतं तर ठेवली असती तिले शाळेत?"

"म्हणजे काय! अर्थातच..."

"सहलीले नेली असती?"

मॅडमनी फाइल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. उत्तर द्यायला त्यांना जो वेळ लागला, तेवढ्यात जयाला उत्तर मिळालं. मॅडमनाही मिळालं असावं. मग उठल्या, रक्त कुठं मिळतं ते विचारायला स्वतःच गेल्या, आणि जाताना तोंड बांधायला त्यांनी दुपट्टा उचलला, तो तसाच हातात राहिला.

दीक्षा गुंगीत होती. सिस्टर आली, एसीचा वारा अंगावर येतो, थंडीनंही हिचं दुखणं वाढेल म्हणाली, आणि ब्लँकेट ओढून तिच्या डोक्यावरून पांघरून घालून गेली.

जयानं ब्लँकेट खाली केलं.

"मम्मी," दीक्षा डोळे न उघडता म्हणाली, "खाली फोन वाजून राहिला होता. तूच होती ना?"

"मीच होती."

"किती वेळ वाजवला तू..." ती परत झोपली. झोपेत तिनं ब्लँकेट वर ओढलं, कपाळापर्यंत. खाटेवर नुसता एक निळसर गुंडाळलेला आकार उरला.

जयानं ते पुन्हा हनुवटीपर्यंत खाली ओढलं.

"मम्मी, थंड लागते ना."

जया उठली. स्वतःच्या पिशवीतला दुपट्टा काढला, तो पोरीच्या डोक्याला आणि कानांना गुंडाळला, गळ्याशी नीट खोचला, ब्लँकेट खांद्यांभोवती घट्ट केलं. तोंडावर मात्र काही येऊ दिलं नाही. मग स्टूल जवळ ओढून बसली. दीक्षाचा हात झोपेत पुन्हा ब्लँकेटची कड शोधत वर यायला लागला, तो तिनं धरून ठेवला.